पाय दाखवणारा कॅमेरा

आप्पा गावड्यांच्या मोबाइलमध्ये माझ्या नावासमोर माझा फोटो नाही. माझ्या चपलांचा आहे. चपलांत पाय आहेत एवढंच काय ते समाधान. त्यातही उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तो मी तारेनं बांधलेला, हे इतकं स्वच्छ दिसतं की स्वतः फोटोग्राफर असून मला त्या फोटोत खोट काढता येत नाही. दूधवाल्याच्या नावासमोर गमबूट आहेत, डॉक्टरांच्या नावासमोर चकचकीत काळे बूट आणि पोस्टमनच्या नावासमोर सायकलच्या पायडलवर टेकलेली एक टाच.

"माणसाचं त्वांड खोटं बोलतं," आप्पा म्हणतात. "पाय न्हाय बोलत. कुणाला कुठं जायचंय ते आधी पायाला कळतं, मग त्वांडाला."

आप्पा कन्हेरीचे. सगळी नोकरी हायस्कूलमध्ये खेळाचे मास्तर म्हणून केली, आणि खेळ म्हणजे खो-खो. बाकीचे खेळ त्यांच्या लेखी सुट्टीतले उद्योग. क्रिकेटबद्दल त्यांचं मत असं, की ज्या खेळात माणूस चहा प्यायला थांबतो त्याला खेळ म्हणू नये. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही. एका लग्नात जेवणाच्या रांगेत रेटारेटी सुरू झाली, तेव्हा आप्पांनी सवयीनं शिट्टी फुंकली. अर्धी रांग ताठ उभी राहिली, कारण ती अर्धी रांग त्यांच्या हाताखालून गेलेली होती. नवऱ्या मुलाचा मामा तर हातातलं ताट टाकून सावधान झाला. माझ्याकडे याचं चित्रीकरण आहे, कारण त्या लग्नाची ऑर्डर माझी होती.

हो, मी लग्नाचं शूटिंग करतो. बारामतीत माझा छोटा स्टुडिओ आहे. हे सांगायचं कारण म्हणजे आप्पांचं आणि माझं नातं इथूनच सुरू होतं. एके दिवशी ते स्टुडिओत आले, काउंटरवर टोपी ठेवली आणि म्हणाले, "मोहन, क्यामेरा पायजे. स्वस्तातला. खो-खो शिकवायचाय."

"मॅच काढायचीय का आप्पा?"

"म्याच न्हाय. शिकवणी. खेड्यापाड्यातल्या शाळंत खेळाला मास्तर न्हाय. माझं गुडघं आता एस्टीची पायरी चढताना कुरकुरत्यात. पर मोबाइल घरोघर हाय. म्या हितं शिकवायचं, पोरांनी तितं बघायचं."

कल्पना चांगली होती. मी उत्साहानं माझा लग्नाचा मोठा कॅमेरा काढून दाखवला. किंमत ऐकून आप्पांनी तो नवजात बाळासारखा दोन्ही हातांनी माझ्याकडं परत दिला. पण किमतीपेक्षा त्यांचा दुसराच आक्षेप होता. तो कॅमेरा माणसाचा चेहरा शोधतो. कुणीही समोर आलं की त्याच्या तोंडाभोवती हिरवी चौकट उमटते. आप्पा चौकट बघून खवळलेच.

"ह्यो क्यामेरा नवरीसाठी हाय. मला त्वांड नको. पाय दाव!"

पुढचे दोन महिने आप्पा माझ्याकडं रोज येत होते. एका ओळखीच्यानं जुना टेपवाला कॅमेरा फुकट देऊ केला. त्याची टेप आता कुठं मिळते हे शोधण्यात आठवडा गेला. मग हेल्मेटवर लावायचा एक चिमुकला कॅमेरा आणला. त्यात मैदान मडक्यासारखं गोल दिसायला लागलं आणि सरळ पळणारी पोर वळणावर असल्यासारखी. "आखलेली रेघ वाकडी दिसत असंल तर पोरांनी शिकायचं काय?" म्हणून तो बाद. शेवटी माझ्याच कपाटात पडलेला एक वापरलेला मोबाइल त्यांना पसंत पडला, कारण त्यात हळू गतीचं चित्रीकरण होतं. दुकानासमोरून पळणारं कुत्रं त्यांनी त्यात टिपलं आणि हळू गतीत अकरा वेळा बघितलं.

"बघ, बघ! वळायच्या आधी मागचा पाय कसा रोवतंय. ह्याला कुणी शिकवलं असंल?"

कुत्र्याचं कौतुक करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मोबाइल झाला, आता स्टँड. बाजारातलं हलकं तिवई-स्टँड मी दिलं होतं. आप्पा अजूनही सकाळी जळोचीच्या मैदानावर पोरींना खो-खो शिकवतात, तिथं ते पहिल्याच वाऱ्याला पालथं झालं. तिन्ही बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूनं नवीन बंगले, आणि मधून वारा असा सुटतो की उभं पीक आडवं व्हावं. मग आप्पांनी आपली अक्कल लढवली. खो-खोच्या मैदानावर दोन टोकांना दोन खांब असतातच, मग वेगळं स्टँड कशाला? त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी मोबाइल खांबालाच करकचून बांधला. खांब हलत नाही, हे बरोबर. पण खो-खोत खांब हा धरायला असतो, हे आख्खा जन्म खो-खो शिकवलेला माणूस त्या दिवशी विसरला. पहिल्याच फेरीत पोरगी पळत आली, तिनं खांब म्हणून मोबाइलच मुठीत धरला, आणि आम्हाला नंतर बघायला मिळाला तो तिच्या तळहाताचा अत्यंत जवळून घेतलेला दृश्यपट.

"भविष्य बघायला बरंय," मी म्हणालो.

आप्पांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रंगाचा रिकामा डबा, त्यात ओतलेलं सिमेंट आणि त्यात रोवलेला लोखंडी पाइप असलं एक ध्यान घेऊन हजर. उंची गुडघ्याएवढी. उचलायला दोन माणसं लागायची, पण वादळ आलं तरी हलणार नाही. आजही मी शपथेवर सांगतो, पायांचं काम नीट दिसायला त्याहून चांगलं स्टँड मला ठाऊक नाही.

मग खरं शूटिंग झालं. आप्पांची सर्वांत चपळ खेळाडू प्राजक्ता. ही पोरगी पळते तेव्हा माती उडायच्या आत ती पुढं गेलेली असते. तिनं खांबावरचा सूर मारून दाखवला, म्हणजे वेगानं येऊन एका हातानं खांब धरायचा, अंग खांबापलीकडं झोकून द्यायचं आणि दुसऱ्या हातानं पळणाऱ्याला शिवायचं. बघणाऱ्याचा श्वास अडकावा असा सूर. मी घरी बसून जीव ओतून ते जुळवलं. पाठीमागं सनई टाकली. सूर पूर्ण झाला की पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडतात, तेही टाकलं. काय करणार, हात लग्नाला सरावलेला.

आप्पांनी ते मैदानावर सगळ्या पोरींना दाखवलं. पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि पांगल्या. आप्पा मात्र तसेच बसून राहिले. पाकळ्यांवरून माझी खरडपट्टी निघणार म्हणून मी तयारीत होतो.

"चुकलं," ते म्हणाले. "पाकळ्यांचं न्हाय, माझं. जिला येतं तिचं बघून कुणाला येत न्हाय. टाळ्या वाजवून घरी गेल्या. मला पडणारं माणूस पायजे."

"म्हणजे?"

"ज्याला जमत न्हाय असं. त्याचं पैल्या दिसापासनं काढायचं."

आता इथं माझ्या मुलीबद्दल सांगायला हवं. सई तेव्हा सहावीत. शाळेत खो-खोच्या निवडीला तिनं हौसेनं नाव दिलं होतं. खांबाकडं पळत गेली, हात हुकला आणि हनुवटी खांबावर आदळली. दोन टाके पडले. टाके आठवड्यात भरले, पण त्या वेळी जे हसू पिकलं होतं ते तिच्या मनातून गेलं नाही. खेळाच्या तासाला तिच्या पोटात दुखायला लागलं. शाळेतून येताना मैदान लागू नये म्हणून ती मागच्या गल्लीनं यायची. शाळा सुटली की माझ्या स्टुडिओत येऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायची, आणि मैदानात उतरायला कुणी सांगितलंच तर वही तोंडापुढं धरायची. बाप म्हणून मी काय केलं? काही नाही. कशाला पोरीला त्रास, म्हणून तिला खेळाच्या तासातून सूट द्या अशी चिठ्ठी मीच शाळेला दिली. मला वाटलं, मी तिला जपतोय.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले आणि बोट थेट कोपऱ्याकडं. "ही चालंल."

"नको आप्पा," मी म्हणालो. "हिला नाही जमत ते."

आप्पांना मी पाकळ्यांवर चिडलेलं पाहिलेलं नाही, अबोला धरला तेव्हाही ते चिडलेले नव्हते. पण त्या वाक्यावर त्यांचा चेहरा असा झाला की मी काउंटरमागं एक पाऊल सरलो.

"हे पुन्यांदा पोरीसमूर बोलायचं न्हाय. समजलं?" आणि मग सईकडं वळून एकदम मऊ आवाजात, "बाय, खेळायचं न्हाय तुला. मला फक्त पडणारं माणूस पायजे. ती प्राजक्ता पडतच न्हाय, तिचा काय उपेग? तुला पडता येतं का चांगलं?"

सईनं वही खाली केली. "येतं," ती म्हणाली. आजवर तिला पडण्यासाठी कुणी निवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला आम्ही मैदानावर. ऊन पाठीमागून यावं म्हणून सिमेंटचा डबा कुठं ठेवायचा, हे आप्पांनी चुन्यानं आखून ठेवलेलं. खांबाजवळची माती कुदळीनं भुसभुशीत करून पाणी मारलेली, वर त्यांच्या घरची जुनी गादी. आवाजासाठी मी शर्टाला लावायचा साधा स्वस्तातला माइक दिला होता, पण वाऱ्याची घरघर इतकी यायची की आप्पा गिरणीत उभे राहून शिकवताहेत असं वाटावं. माइकवर काहीतरी लोकरीचं चढवा, मी सुचवलं. दुसऱ्या दिवशी माइकवर एक गुलाबी लोकरीचा पायमोजा होता, तान्ह्या बाळाचा. घरघर गेली. एवढ्या स्वस्तात एवढा चांगला उपाय मी पुण्याच्या दुकानांतही पाहिला नाही.

"कुणाचा हो हा?"

"नातीचा. लहानपनी मायलेकी इसरून गेल्या हुत्या. लेक वरकुट्याला दिलीया."

आप्पांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. कन्हेरीच्या घरात ते एकटेच राहतात, स्वतःची भाकरी स्वतः थापतात, एवढंच मला माहीत. मी पुढं काही विचारणार तोच त्यांनी शिट्टी फुंकली.

सई पडायला लागली. पहिल्या दिवशी खांबाच्या अलीकडंच बसली. दुसऱ्या दिवशी खांबाला वळसा घालून गेली. तिसऱ्या दिवशी हात लागला आणि निसटला. प्रत्येक वेळी आप्पांचा एकच आवाज, "काय बिघडलं न्हाय. माती झाड. चल." हा माणूस मैदानभर ओरडतो म्हणून शेजारच्या बंगल्यांतून तक्रारी जातात, आणि सईशी मात्र ते असं बोलत, जणू झोपलेलं मूल शेजारी आहे.

मग त्यांनी हळू गतीतलं चित्रीकरण तिला दाखवलं. तिघंही डोकी जोडून बसलो. खांबापर्यंतची धाव ठीक होती. अगदी शेवटी, खांब हातभर राहिला की सई डोळे मिटत होती आणि तिचं शेवटचं पाऊल आखूड पडत होतं. त्यामुळं हात पोचायचा नाही. नुसत्या डोळ्यांना हे दिसणं शक्यच नव्हतं. माझ्या कपाटातल्या जुन्या मोबाइलनं जे दाखवलं ते मला बाप असून दिसलं नव्हतं.

"बघितलंस?" आप्पा म्हणाले. "तू भित्री न्हाईस. तुजं शेवटचं एक पाऊल भित्रं हाय. बाकीची समदी शूर हायत. त्या एकाला तेवढं शिकवू."

सई किती तरी वेळ त्या मोबाइलकडं बघत राहिली. मग तिनं स्वतःहून विचारलं, "आप्पा, परत जाऊ?"

ती एकोणतीस वेळा पडली. तिसाव्या वेळी तिनं खांब मुठीत धरला, अंग पलीकडं झोकून दिलं आणि पलीकडं पळणाऱ्या प्राजक्ताच्या पाठीवर तिचा तळहात असा वाजला की प्राजक्ता "आई गं" म्हणाली. सगळ्या पोरींनी आरडाओरडा केला. मी कॅमेऱ्यामागं होतो म्हणून माझं रडणं चित्रात नाही, पण हुंदका माइकनं पकडलाय. आप्पांनी तो काढू दिला नाही. त्यांनी काहीच काढू दिलं नाही. एकोणतीसच्या एकोणतीस वेळचं पडणं त्यात आहे, सनई नाही, पाकळ्या नाहीत.

मी पुष्कळ लग्नं टिपली, पुष्कळ लोकांनी माझे आभार मानले. आता आभार मानायची पाळी माझी होती. मी मोबाइलचे पैसे घ्यायचे नाकारले तर ते म्हणाले, "असं कर, त्यापेक्षा शाळंला दिलेली चिठ्ठी परत घे." ती मी दुसऱ्याच दिवशी घेतली. सई आता मैदानाच्या रस्त्यानं घरी येते आणि हनुवटीवरची खूण मैत्रिणींना मोठ्या तोऱ्यात दाखवते. हे ऋण मी फेडू शकणार नाही आणि फेडायची इच्छाही नाही.

चित्रीकरण तयार झालं त्या दिवशी मी विचारलं, "कुठल्या शाळेला पाठवू आधी?"

आप्पांनी एक नंबर दिला. "संगीला धाड. माज्या लेकीला."

आणि मग मैदानाच्या कडेला बसून, माझ्याकडं न बघता, ते बोलले. संगीता लहानपणी सावकाश पळायची. एकदा जिल्ह्याच्या सामन्याआधी ती खांबावर चुकली, तेव्हा आप्पा सगळ्या संघासमोर ओरडले, "गावडे मास्तरची लेक आन् असली? तुला जमायचं न्हाय. जा घरी, आईला भाकरी थापू लाग." ती गेली. त्यानंतर तिनं मैदानात पाऊल टाकलं नाही.

"भांडली न्हाय रं कधी," आप्पा म्हणाले. "सणाला येती. गोडधोड करून वाढती. पर माज्यासमूर खेळाचं नाव काढत न्हाय. नात चांगली पळती म्हणं. ते मला तिच्या शाळंच्या शिपायानं सांगितलं. आज्याला शिपायानं सांगावं?"

मी चित्रीकरण पाठवून दिलं. चार दिवस काहीच आलं नाही. त्या चार दिवसांत आप्पा स्टुडिओत येऊन नुसते बसत. पाचव्या दिवशी त्यांच्या मोबाइलवर संगीताचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. आप्पांना तो कानाला लावून ऐकता येत नाही, त्यामुळं स्टुडिओतल्या सगळ्यांनी ऐकला, म्हणजे मी आणि सईनं.

"आप्पा, पोरीनं चारदा बघितला. मीबी बघितला. तुमी त्या पोरीशी बोलताय ते ऐकलं. माज्या येळंला तुमच्याकडं क्यामेरा न्हवता, ते ठीक हाय. पर ह्यो आवाज तर हुता की. पोरीला तुमच्याकडंच शिकायचंय म्हनती. रविवारी घिऊन येते."

"खरं बोलली," आप्पा म्हणाले. एवढंच. टोपी घेतली आणि निघाले.

रविवारी सकाळी संगीता मैदानावर आली. चाळिशीची, अंगानं आप्पांसारखीच काटक बाई. बरोबर दहा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, पैकी एक एस्टीत सुटलेली. मुलगी आल्या आल्या आत पळाली. संगीता मात्र चुन्याच्या रेषेपाशी थांबली. मी म्हणालो, "या ना ताई, आत सावलीत बसा," तर म्हणाली, "हितंच बरी हाय."

आप्पांनी ते पाहिलं. त्यांनी शिट्टी फुंकली. वीसेक पोरी रांगेत उभ्या राहिल्या, सई त्यात, नातही शेवटी जाऊन उभी राहिली. मला वाटलं व्यायाम सुरू होणार. आप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मैदानाच्या पलीकडच्या बंगल्यापर्यंत ऐकू जाईल अशा, त्यांच्या नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "पोरींनो, ती रेघंवर उभी हाय ती माजी लेक. लहानपनी तिला म्या भर मैदानात बोललो, तुला जमायचं न्हाय म्हनून. मास्तर चुकला हुता. समद्यांसमूर बोललो हुतो, म्हनून समद्यांसमूर मागं घेतो. संगे, चुकलो."

उसातून वारा येत होता. आप्पा टोपी धरून तसेच उभे होते, शिक्षा झालेल्या पोरासारखे, आणि माझा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला नाही, हे माझ्या धंद्यात पहिल्यांदाच घडलं.

संगीतानं पदरानं तोंड पुसलं. "आप्पा, पुरं आता," ती म्हणाली. "पोरी उन्हात उभ्या हायत." मग रेघ ओलांडून ती सरळ रांगेच्या टोकापर्यंत चालत आली आणि लेकीची सुटलेली वेणी घालायला लागली.